मोडलेल्या लग्नाचा डबा

मनोरमाच्या घरात भांडी पुष्कळ, पण तिच्या नावाचं एकही नाही. पाणी प्यायचं ते कुणा कैलासवासी अनंतरावांच्या स्मरणार्थ दिलेल्या तांब्यातून. भाकरी खायची ती कुठल्याशा महिला मंडळाच्या रौप्यमहोत्सवी ताटात. आणि कालवण शिजायचं ‘चि. सोहमच्या मुंजीनिमित्त’ काढलेल्या पातेल्यात. त्या पातेल्यात सणवार सोडून बाकी सगळे दिवस बोंबील शिजतात, हे सोहमच्या आजीला अजून कळलेलं नाही. कळायलाही नको.

याला कारण मनोरमाचा नवरा लवू. भाईंदरच्या बाजारात भांड्यांच्या एका दुकानाबाहेर तो स्टूल टाकून बसतो आणि मशीनने भांड्यांवर नावं घालतो. मशीन म्हणजे वायर लावलेलं जाड पेन. टर्रर्र आवाज करतं आणि बघता बघता स्टीलवर अख्खं खानदान उमटतं. आता माणूस म्हटला की हात हलणार. गिऱ्हाईक म्हटलं की ऑर्डर देऊन गायब होणार. असलं वाया गेलेलं भांडं दुकानाचा शेठ लवूच्या पदरात टाकतो आणि वर मजुरीत धरतो. लवू ते गुपचूप घरी आणतो. अशाने जवळच्या मुर्धा गावातल्या त्यांच्या दोन खोल्यांत अर्ध्या भाईंदरची मंगलकार्यं येऊन पडली होती.

त्यांची मुलगी निशिगंधा अक्षरं शिकली ती याच भांड्यांवर. शाळेत जायच्या आधी तिने वाचलेला पहिला शब्द ‘आई’ नव्हता, ‘स्मरणार्थ’ होता. आणि घरातली प्रत्येक वस्तू बोलतेय दुसऱ्याच्याच नावाने, म्हटल्यावर पोरगी पुढे संशयी निघाली यात नवल ते काय. दूधवाला हसून बोलला की ती दुधात बोट बुडवून बघायची. बाई वर्गात ‘शाब्बास’ म्हणाल्या की हिला वाटायचं, आता फळा पुसायला सांगणार. बहुतेक वेळा सांगायच्याच.

सगळ्या भांड्यांत तिचा लाडका एकच डबा. गोल, जाड पत्र्याचा, झाकण इतकं घट्ट की उघडताना ‘टप्’ असा आवाज व्हायचा. त्यावर लिहिलं होतं, ‘शिवदास – समीक्षा, शुभविवाह, सस्नेह भेट, दि.’ आणि ‘दि.’च्या पुढे काही नाही. कोरं.

त्याची गोष्ट लवू रंगवून सांगायचा. शिवदासच्या घरच्यांनी लग्नात वाटायला डब्यांची मोठी ऑर्डर दिलेली. लवूने नमुन्याचा पहिला डबा घेतला, नावं घातली, ‘दि.’ घातलं, आता तारीख घालणार तोच शेठचा फोन वाजला. समीक्षाने लग्न मोडलं होतं. ऑर्डर रद्द. बाकीचे कोरे डबे शेठने मांडणीवर परत चढवले, हा एक लवूकडे आला. म्हणजे त्या लग्नाचा जगातला हा एकमेव डबा, आणि लग्न झालेलंच नाही. समीक्षाने लग्न का मोडलं ते कुणाला ठाऊक नाही. निशिगंधाचा संशय शिवदासवर होता.

हाच डबा पुढे मनोरमाच्या गळ्यात धोंडा होऊन पडला.

मुर्ध्याहून राई गावाकडे जाताना रस्त्याच्या कडेला ‘मोरपीस हाइट्स’ नावाची उंच सोसायटी झाली आहे. मोर तिथे कधी नव्हते. मिठागर होतं, आणि त्यात निशिगंधाचे पणजोबा मीठ ओढायचे. आता तिथे पोडियम आहे, लिफ्ट आहे, आणि कबुतरं भरपूर. मनोरमा तिथल्या चार घरांत स्वयंपाक करायची. दिवाळीची सुट्टी होती म्हणून निशिगंधाही आईबरोबर यायची, पण कामवाल्यांची मुलं आत न्यायची नाहीत असा नियम होता. त्यामुळे ती वॉचमनच्या केबिनशेजारी, गेटबाहेरच्या बदामाच्या झाडाखाली बसून राहायची. पुस्तक मांडीवर आणि डोळे गेटवर.

गेटचा आणखी एक नियम. काम करणाऱ्या बायका बाहेर पडताना वॉचमनने पिशवी उघडून बघायची. आतली वस्तू बाईची वाटली नाही तर ठेवून घ्यायची. ‘वाटणं’ हे काम सूरजकडे. सूरज म्हणजे सकाळचा वॉचमन, बारीक मिशीचा, अंगाला मोठा पडणारा गणवेश घातलेला. त्याला पिशव्या बघायला आवडत नसावं, पण न बघायलाही परवडत नव्हतं.

दिवाळीत मनोरमाने त्या डब्यातून करंज्या नेल्या होत्या, सातव्या मजल्यावरच्या मिनल भाभींना. भांडं रिकामं परत करायचं नाही, ही रीत मुर्ध्यात जेवढी पाळतात तेवढीच सातव्या मजल्यावरही. भाभींनी डबा ठेवून घेतला आणि भाऊबीज झाल्यावर त्यात गूळ-तुपाची सुखडी भरून परत दिला. मनोरमा खाली आली. सूरजने पिशवी उघडली. डबा बाहेर काढला, नाव वाचलं आणि कपाळाला आठी घातली.

“दीदी, ये किसका है?”

“माझा.”

“नाम तो शिवदास-समीक्षा लिखा है. आप शिवदास हो?”

“न्हाय रे बाबा. ते मोडलेलं लग्न हाय.”

“लग्न मोडलं तो डब्बा कैसे मिला?”

प्रश्न तसा बिनतोड होता. मनोरमा सांगत राहिली, लवूचं काम, शेठ, मजुरी. पण जी गोष्ट घरात चुलीपुढे झकास वाटते ती गेटवर पोलिसी वाटायला लागते. तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी कुलदीप साहेब चालून घामाघूम झालेले परत आले. त्यांनी सगळं ऐकलं, डबा हातात फिरवला.

“नाव तुझं नाही, म्हणजे डबा तुझा कसा?”

“साहेब, भांड्यावर नाव देणाऱ्याचं असतं. तुमच्या घरातल्या भांड्यांवर तुमचं नाव हाय काय?”

“तेच म्हणतोय मी. म्हणजे हा सोसायटीतल्या कुणालाही लग्नात मिळालेला असू शकतो.”

असा तो डबा एका क्षणात कुणाचाही झाला, फक्त मनोरमाचा सोडून. साहेबांनी इंटरकॉमवरून मिनल भाभींना विचारलं. भाभी घाबरट जीव. “हां, सुखडी मैंने दी है,” त्या म्हणाल्या. “और डब्बा?” “डब्बा... उसी का होगा.”

त्या ‘होगा’ने घात केला. साहेबांनी डबा केबिनमधल्या खणात ठेवला. रविवारी मीटिंग आहे, तिथे बघू म्हणाले. तोवर काम कर; पण डबा तुझा ठरला नाही तर गेट बंद, एका घरी नव्हे, चारही घरी. आणि जाता जाता आवाज मऊ करून म्हणाले, “हे बघ मनोरमा, सरळ माफी माग ना. मोठ्या मनाने विषय संपवू.”

“चोरलं न्हाय तर माफी कशाची मागू?” मनोरमाने विचारलं, अगदी साध्या आवाजात, जशी ती भाजीत मीठ किती विचारायची. साहेब घाम पुसत लिफ्टकडे गेले.

निशिगंधाने बदामाखालून सगळं पाहिलं होतं. घरी जाताना रस्ताभर तिच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. कुणीतरी चहाडी केली असणार. नाहीतर रोज वरवर बघणारा सूरज आजच डबा उचलून नाव का वाचतो?

दुसऱ्या दिवशी प्रकरण आणखी वाढलं. साहेबांनी डब्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता. झाकण वर, नावं ठळक, ‘कुणाचा आहे?’ मिनल भाभींनी स्वयंपाकघरात हळूच फोन पुढे केला आणि मनोरमाने वाचलं. चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी सकाळी लिहिलं होतं, ‘आमच्याकडे असाच एक होता, बघावं लागेल.’ दुपारपर्यंत बघून झालं असावं, कारण पुढचा मेसेज होता, ‘आमचाच आहे.’ बी विंगमधल्या एका गृहस्थांनीही हक्क सांगितला होता. शिवदास त्यांच्या मिसेसच्या माहेरचा.

“भाभी, तुम्ही लिहा ना,” मनोरमा म्हणाली. “करंज्या खाल्ल्या ना तुम्ही त्यातल्या.”

भाभींनी पोळपाट उगाचच पुसला. “मैं ग्रुप पे कुछ लिखती नहीं, मनोरमा. लोग बुरा मान जाते हैं.”

लोकांना वाईट वाटू नये याची काळजी सातव्या मजल्यावर फार होती. लोकांत मनोरमा बसत नव्हती, एवढंच.

इकडे खाली निशिगंधाचा तपास चालू झाला होता. पहिला संशयित सूरज. तिने त्याच्याकडे असं टक लावून बघायला सुरुवात केली की बिचारा दोनदा स्वतःच्या पॅंटची चेन तपासून आला.

“ए छोटी, ऐसे क्या देखती है?”

“तुला कुणी सांगितलं आईची पिशवी बघायला?”

“किसी ने नहीं. रूल है.”

“रूल बोलतो काय?”

सूरज एका गाडीसाठी दांडा उचलायला गेला. दुपारी त्याची पाळी संपली, दुसरा वॉचमन आला. आणि निशिगंधाने जे पाहिलं त्याने तिचा पहिला संशयित हातचा गेला. नव्या वॉचमनने सूरजचीच पिशवी उघडली. जेवणाचा डबा हुंगला, पाण्याची बाटली हलवून बघितली, टॉवेल झटकला. सूरज दुसरीकडे बघत उभा राहिला. आई उभी राहते अगदी तस्सा.

दुसरी संशयित डेल्फिन आंटी. ही उत्तनकडच्या डोंगरीहून बसने यायची, पाचव्या मजल्यावर अंथरुणावर पडून असलेल्या आजोबांचं करायला. जाडजूड, बडबडी, गळ्यात क्रूस. तिच्याविरुद्ध पुरावा भक्कम होता. आदल्याच दिवशी डबा घेऊन गेटकडे येणाऱ्या मनोरमाला ती मोठ्याने म्हणाली होती, “मस्त हाय गो डबा तुझा, झाकण काय बसतंय!” डब्याची एवढी स्तुती कुणी फुकट करतं? निशिगंधा तिच्या मागोमाग बसस्टॉपपर्यंत गेली, विजेच्या खांबाच्या मागे लपली. खांब बारीक होता.

“ये बाहेर,” डेल्फिन आंटी वळूनही न बघता म्हणाली. “मागं मागं काय येतेस? मी काय कोंबडी चोरलीय तुझी?”

“तू सांगितलंस ना डब्याचं?”

आंटीने तिला नखशिखांत न्याहाळलं. मग स्टॉपच्या कट्ट्यावर बसली आणि शेजारची जागा थोपटली. “बस. त्या केबिनमध्ये खणाच्या मागं एक छत्री हाय, बघितलीस? निळी. लाकडी मुठीची.”

निशिगंधाने बघितली होती. ती सगळंच बघायची.

“माझी हाय ती. गेल्या पावसाळ्यात जाताना धरली. म्हणे एवढी भारी छत्री तुझी कशी. माझ्या भावाने कुवेतवरून आणलेली. साहेब म्हणाला माफी माग, विषय संपव. मी म्हटलं जाऊदे, कशाला कटकट. मागितली.”

“मग छत्री दिली?”

“कशी देणार? माफी मागितली म्हणजे चोरी केली, असं झालं ना ते.” आंटी थोडा वेळ बसची वाट बघत राहिली. “तवापासून आजोबांची सून माझ्यासमोर चमचे मोजते. रोज. मीच मोजून दाखवते आता तिला.”

बस आली, आंटी चढली, आणि खिडकीतून ओरडली, “तुझ्या आईला सांग, मागू नको म्हणावं!”

निशिगंधा परत येऊन बदामाखाली बसली. तिसरा संशयित शोधायला हवा होता, पण तिला आतून कळून चुकलं होतं की चहाडी कुणी केलेलीच नाही. या गेटवर नियमच चहाडखोर होता. त्याला नाक होतं, डोळे होते, पण ते फक्त बाहेर जाणाऱ्या पिशवीकडे. आत येणाऱ्या पिशवीकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. म्हणून आईने डबा आत नेला ते कुणी बघितलं नाही आणि बाहेर आणला ते सगळ्यांनी बघितलं.

संध्याकाळी तिने आईला तेच विचारलं. मनोरमा अनंतरावांच्या तांब्यातून पाणी पीत होती.

“आई, जाताना बघतात. येताना का न्हाय बघत?”

“येताना कोण कशाला चोरून आणेल गो?”

“पण येताना बघितलं असतं तर डबा तुझा ठरला असता.”

मनोरमाने तांब्या खाली ठेवला. लवूने मधेच सुचवलं की आपण शेठला घेऊन जाऊ साक्षीला. मनोरमा म्हणाली, “शेठ सांगेल तर खरं, आणि मी सांगितलं तर खोटं? मला न्हाय न्यायचा शेठ.” आणि भाकऱ्या थापायला बसली. पण त्या दिवशी भाकऱ्या अशा काही गोल झाल्या की निशिगंधाला संशय आला, आईच्या डोक्यात काहीतरी शिजतंय.

सकाळी मनोरमा गेटशी आली आणि आत जायच्या ऐवजी सूरजच्या टेबलासमोर उभी राहिली. पिशवी पुढे केली.

“बघ.”

“दीदी, अंदर जाते टाइम नहीं देखना है.”

“तू बघ. जाताना विचारशील हे कुठून आलं. म्हणून येतानाच बघून घे.” आणि तिने एकेक वस्तू टेबलावर मांडली. कंगवा. गुडघ्याला लावायचं मलम. घरच्या किल्ल्या. लवूने नाव चुकवलेली छोटी वाटी, ‘ही बघ, कांताबाईंच्या साठीची, माझी हाय.’ औषधाच्या गोळ्या. “मोज. जाताना दोन कमी असतील, मी खाल्लेल्या असतील. मग म्हणू नको दुसऱ्याच्या पोटात गेल्या.”

मागे भांडी घासणारी एक बाई थांबली होती. तिला वाटलं नवा नियम आला. तिनेही पिशवी उघडली. तिच्यामागे आणखी दोघी. तेवढ्यात डोंगरीची बस आली आणि डेल्फिन आंटी रांगेत येऊन उभी राहिली. काय चाललंय ते तिला एका नजरेत कळलं. तिने पिशवीतून जपमाळ काढली, स्वेटर काढला, केळं काढलं, आणि शेवटी कागदात गुंडाळलेले सुके बोंबील काढून सूरजच्या नाकाखाली धरले.

“वासपण लक्षात ठेव,” ती म्हणाली. “जाताना वास कमी झाला तर माझ्यावर आळ नको.”

सूरज एका हाताने नाक आणि दुसऱ्या हाताने गेटचा दांडा सांभाळत होता. मागे गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. वरच्या गॅलऱ्यांतून हाका यायला लागल्या, “सूरज, बाई आली का?” बाई आली होती. बाई खालीच होती. आपला रुमाल टेबलावर पसरून दाखवत होती.

असं रोज व्हायला लागलं. कुणी घोषणा दिल्या नाहीत, कुणी कामाला दांडी मारली नाही. सगळ्या वेळेवर यायच्या, फक्त वर पोचायला वेळ लागायचा. चहा उशिरा, डबे उशिरा, आजोबांची आंघोळ उशिरा. आणि भांडायला जावं तर बायका नियमच पाळत होत्या, उलट जास्तच पाळत होत्या. सूरज दमला होता, पण निशिगंधाला वाटलं की तो जरा मजेत दमला होता. एकदा तर त्याने एकीला आपणहून विचारलं, “कंघी दिखाई नहीं आज?”

निशिगंधा मात्र खूश नव्हती. रविवार जवळ येत होता आणि डबा अजून खणातच होता. साहेब असे सहज हार मानतील यावर तिचा विश्वास नव्हता. तिचा तसा कशावरच नव्हता.

रविवारी सकाळी रांग लागलेली असताना साहेब स्वतः खाली आले. पाठोपाठ चौथ्या मजल्यावरच्या काकू आणि बी विंगचे गृहस्थ. दोघं डबा न्यायला आले होते, आणि दोघांना एकमेकांचा हक्क माहीत असल्यामुळे जरा घाईत होते. चहा न मिळालेली बरीच मंडळीही जमली.

“हा तमाशा बंद करा,” साहेब म्हणाले. “मनोरमा, मीटिंगची वाट बघायची गरज नाही. दोन मेंबर्स सांगतायत डबा त्यांचा. तू माफी माग, संपलं.”

मनोरमाने मान हलवली. नाही म्हणून. तिने हातातली पिशवी छातीशी धरली. निशिगंधाने ते पाहिलं, आणि बदामाखालून उठली. गेटच्या आत यायचं नाही हा नियम तिने मोडला नाही. दांड्याच्या बाहेरच उभी राहून तिने काकूंना विचारलं, लग्नाचं आमंत्रण मिळाल्यासारख्या गोड आवाजात:

“काकू, तुम्ही गेलेलात लग्नाला?”

“मग! डबा काय घरपोच आला?”

“जेवण काय होतं?”

काकू खवय्या होत्या. “श्रीखंड होतं. आणि मसालेभात, वर काजू.”

“श्रीखंड?” बी विंगचे गृहस्थ मधे पडले. “अहो बुफे होता. चायनीजचा वेगळा काउंटर होता.”

“चायनीज? शिवदासच्या लग्नात? शक्यच नाही.”

“कधी होतं पण लग्न?” निशिगंधाने विचारलं.

“डिसेंबरमध्ये,” काकू म्हणाल्या. “मे महिन्यात,” गृहस्थ म्हणाले. दोघं बरोबरच म्हणाले.

“मग डब्यावर बघा ना साहेब. भांड्यावर तारीख असतेच.”

साहेबांनी खणातून डबा काढला. वाचलं. “शिवदास, समीक्षा, शुभविवाह, सस्नेह भेट, दिनांक...” आणि थांबले. डबा फिरवून मागे बघितलं. झाकण बघितलं. बूड बघितलं. तारीख कुठेच नव्हती.

“आई पहिल्या दिवसापासून तेच सांगतेय,” निशिगंधा म्हणाली. आता तिचा आवाज गोड नव्हता. “तारीख घालायच्या आधी लग्न मोडलं. बाबांनी मशीन तिथंच उचललं. लग्न झालंच न्हाय. तर श्रीखंड खाल्लं कुणी?”

रांगेतून आधी डेल्फिन आंटी हसली, मग सगळीच. सूरजने हसू लपवायला शिट्टी तोंडात धरली आणि ती वाजली. काकूंना गॅसवर दूध ठेवल्याचं आठवलं. गृहस्थांना काहीच आठवलं नाही, तरी ते गेले.

साहेब मात्र सेक्रेटरी होते. “ते त्यांचं नसेल,” ते म्हणाले. “पण म्हणून हिचाच आहे हे कुठे सिद्ध होतं?”

हसणं थांबलं. निशिगंधाला याचीच भीती होती. संशय असा असतो, एक पाय काढला तर दुसरा रोवतो. तिच्याएवढं हे कुणाला ठाऊक? आणि आता तिच्याकडे विचारायला काहीच उरलं नव्हतं.

“उसी का है,” मागून कुणीतरी म्हणालं.

मिनल भाभी घरातल्या स्लिपरांवरच खाली आल्या होत्या. “दिवाली में इसमें करंजी लाई थी. मैंने सुखडी भर के वापस दिया.”

“भाभी, आपने तो बोला था, होगा.”

“हां. डर गई थी, इसलिए होगा बोला.” भाभींनी मनोरमाकडे बघितलं आणि लगेच नजर खाली केली. “है.”

साहेबांनी डबा मनोरमापुढे धरला. मनोरमाने हात पुढे केला नाही. तिने झाकण तेवढं उघडलं. टप्. डबा रिकामा होता.

“सुखडी कुठंय?”

सगळ्यांनी सूरजकडे बघितलं. सूरजने बदामाच्या झाडाकडे. “चींटी लग गई थी, दीदी.”

या मुंग्यांना बारीक मिशी असावी असा निशिगंधाला दाट संशय होता.

मनोरमाने झाकण परत बसवलं. “साहेब, आमच्यात भांडं रिकामं परत देत न्हाईत,” ती म्हणाली. “तुमच्यातपण देत नसतील.”

“अगं, आता मी कुठून...”

“काहीही चालेल. मी थांबते.”

आणि ती थांबली. रांगही थांबली. गाड्याही. साहेबांनी आधी इकडे बघितलं, मग तिकडे, मग घड्याळाकडे, आणि शेवटी इंटरकॉम उचलून घरी सांगितलं, जरा साखर पाठव. लिफ्टने साखर खाली आली. साहेबांनी स्वतःच्या हाताने ती डब्यात ओतली, थोडी सांडलीसुद्धा. मनोरमाने डबा घेतला, कपाळाला लावला आणि पिशवीत ठेवला.

“आता माझी छत्री,” डेल्फिन आंटी म्हणाली.

नियम रद्द झाला असं कुणी लिहिलं नाही. ग्रुपवरून फोटो तेवढा गायब झाला. येतानाची रांग आणखी काही दिवस चालली. मग सूरज जाताना पिशव्यांकडे बघेनासा झाला, तेव्हा बायकाही येताना दाखवेनाशा झाल्या. पण टेबलासमोर आल्या की अजून क्षणभर थबकतात. न जाणो.

त्या रविवारी मात्र जाताना सूरजने सवयीने पिशवीकडे हात नेला, आणि मधेच मागे घेतला.

“देख ना,” मनोरमा म्हणाली. “साखर हाय. साहेबांनी दिली.”

“मालूम है, दीदी.”

मुर्ध्याच्या वळणावर आल्यावर निशिगंधाने आईला थांबवलं. पिशवीतून डबा काढला, झाकण उघडलं आणि बोट बुडवून चाटलं.

“काय गो?” मनोरमा म्हणाली. “घरी जाऊन खा की.”

“खात न्हाय, बघतेय,” निशिगंधा म्हणाली. “मीठ तर नाही ना दिलं.”

मनोरमाने तिच्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, आणि मग तिनेही बोट बुडवलं.